दहाव्यांदा उठताना: दिव्यांग मुलांच्या पुनर्वसनात ह्युमनॉइड रोबो कसा वापरावा

सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर होणारा परिणाम) असलेल्या मुलाला खुर्चीतून उठायला शिकवायचं तर एकदा जमून भागत नाही. तीच हालचाल शेकडो वेळा करावी लागते, आणि दर वेळी मुलाचं लक्ष त्या कामात असावं लागतं. पहिल्या चार-पाच वेळा मूल मनापासून उठतं. मग तहान लागते, शू येते, आई कुठे गेली ते बघायचं असतं. यात आळस नाही. ताठ स्नायूंशी झगडत उठण्यात त्या मुलाची जी शक्ती जाते तिचा आपल्याला अंदाज येत नाही, आणि समोरचं मोठं माणूसही तोवर 'अजून एकदा, शाब्बास' म्हणून थकलेलं असतं.

माणसासारखं डोकं, हात, पाय असलेल्या छोट्या रोबोचा खरा उपयोग मला इथे दिसतो. तो थेरपिस्टची जागा घेत नाही, आजार बरा करत नाही. पण सहाव्या, आठव्या, दहाव्या वेळी मुलाला उठावंसं वाटायला लावतो. हा लेख त्यासाठीच्या व्यवस्थेबद्दल आहे. फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, विशेष शाळेतले शिक्षक आणि 'आमच्या मुलाला रोबो थेरपी द्यायची का' असं विचारणारे पालक, अशा सगळ्यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे.

ही कल्पना बरीच वापरून झालेली आहे. मेलबर्नच्या रॉयल चिल्ड्रन्स हॉस्पिटलने स्विनबर्न विद्यापीठाबरोबर 'नाओ' नावाचा रोबो बालपुनर्वसनात आणला. तो मुलांना व्यायाम करून दाखवतो, मोजतो, हुरूप देतो. त्या टीमची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्यांनी प्रयोगशाळेत रोबो पूर्ण तयार करून मग रुग्णालयात आणला नाही. खऱ्या सेशनमध्ये मुलं, पालक आणि थेरपिस्ट काय करतात ते बघत बघत तो बदलत नेला. स्पेनमध्ये माद्रिदच्या कार्लोस तृतीय विद्यापीठाने सेव्हिलच्या व्हर्जिन देल रोसिओ रुग्णालयाबरोबर 'नाओथेरपिस्ट' विकसित केला. सेरेब्रल पाल्सी असलेली आणि जन्माच्या वेळी खांद्याजवळच्या नसांना इजा झालेली मुलं त्याच्यासमोर हातांचे व्यायाम करतात, आणि वेगळा कॅमेरा मुलाच्या हाताची स्थिती टिपतो. नेदरलँड्समध्ये नाओवरच चालणारी 'झोरा' ही प्रणाली गंभीर शारीरिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांबरोबर वापरून पाहिली गेली. इंग्लंडच्या हर्टफर्डशर विद्यापीठातला 'कास्पर' २००५पासून स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांबरोबर काम करतो आहे.

पायरी १: आधी ध्येय लिहा, रोबोचं नाव नंतर

'रोबो आणलाय, आता याच्याबरोबर काय करायचं?' हा प्रश्न उलटा आहे. आधी कागदावर मुलाचं एक ध्येय उतरवा, आणि ते मुलाच्या रोजच्या जगण्यातलं असू द्या. 'पायांची ताकद वाढवणे' हे ध्येय नव्हे. 'शाळेतल्या बाकावरून टेबल न धरता उठणे' हे ध्येय.

ते मोजता यावं म्हणून ध्येयप्राप्तीची पाच पायऱ्यांची मोजपट्टी वापरा. किरेसुक आणि शर्मन यांनी १९६८ साली मांडलेली ही पद्धत अजूनही बालपुनर्वसनात सर्रास वापरतात. समजा सात वर्षांची मुलगी आहे, दोन्ही पायांत ताठपणा आहे, घरात धरून चालते. तिच्यासाठी पट्टी अशी होईल: उणे २ म्हणजे आज जे आहे ते, दोन्ही हातांनी टेबल ओढून उठते. उणे १, एका हाताच्या आधाराने उठते. शून्य म्हणजे आपली अपेक्षा: पाचपैकी तीन वेळा आधाराशिवाय उठते. अधिक १, पाचही वेळा. अधिक २, उठून लगेच दप्तर उचलते. ही पट्टी आईवडिलांसमोर बसून, आणि मुलीला समजत असेल तर तिला विचारूनच भरा. कित्येकदा मुलीला बाकावरून उठण्याची फारशी ओढ नसते, तिला मैत्रिणीशेजारी उभं राहून प्रार्थना म्हणायची असते. मग तेच ध्येय घ्या.

आता विचारा की या ध्येयासाठी काय कमी पडतं आहे. हालचाल येते पण सराव होत नाही, मूल कंटाळतं, अनुकरण करत नाही, आपली पाळी येईपर्यंत थांबत नाही, यापैकी काही असेल तर रोबो मदत करू शकतो. स्नायू आखडून सांधाच हलत नसेल, मुलाला दुखत असेल, स्प्लिंट (सांध्याला आधार देणारा साचा) लहान झाला असेल, तर आधी त्यावर उपाय करा.

पायरी २: हे मूल रोबोबरोबर काम करू शकेल का

सेरेब्रल पाल्सीत हालचालींच्या क्षमतेचे जीएमएफसीएस नावाचे पाच स्तर मानतात. पहिल्या स्तराची मुलं चालतात-धावतात, पाचव्या स्तराच्या मुलांना मान सावरायलाही आधार लागतो. उभ्याने करायचे व्यायाम रोबोबरोबर साधारणपणे पहिल्या तीन स्तरांच्या मुलांना जमतात. चौथ्या-पाचव्या स्तरावरच्या मुलांना वगळू नका. त्यांच्यासाठी काम बदला: रोबोकडे मान वळवणं, हात पुढे करून त्याला स्पर्श करणं, बटण दाबून त्याला नाचवणं.

आकडीबद्दल आधी विचारा. सेरेब्रल पाल्सी असलेल्या साधारण चारपैकी एका मुलाला अपस्मार असतो. रोबोच्या डोळ्यांतले लुकलुकणारे दिवे बंद ठेवता येतात, ते बंद ठेवा आणि मुलाच्या न्यूरॉलॉजिस्टला कळवा. खुब्याचा सांधा सरकण्याचा धोकाही या मुलांत मोठा असतो, साधारण तिघांपैकी एकाला. त्यामुळे खुब्याचा एक्स-रे कधी काढला होता हे विचारल्याशिवाय पायांचे जोरकस व्यायाम सुरू करू नका. नजर आणि ऐकू येणं तपासलेलं असावं. 'रोबोकडे बघतच नाही' अशी तक्रार असलेल्या मुलाला तो तेवढ्या अंतरावरून दिसतच नसेल, ही शक्यता आधी बाजूला करा.

काही मुलांना मोटरचा घर्रर्र आवाज सहन होत नाही. ती कानांवर हात ठेवतात, रडतात. त्यांना सवय लावण्याचा हट्ट धरू नका.

पायरी ३: रोबोचं शरीर तपासा

माहितीपत्रकात न मिळणारी ही पायरी आहे, आणि थेरपिस्टनेच करायची आहे. नाओ साधारण ५८ सेंटीमीटर उंच, साडेपाच किलोच्या आसपास वजनाचा. त्याला २५ सांधे-हालचाली आहेत: मानेत दोन, प्रत्येक हातात पाच, दोन्ही पंजांना एकेक, प्रत्येक पायात पाच आणि कमरेखाली दोन्ही पायांना मिळून एक. ऐकायला भरपूर वाटतं. पण नीट बघा. त्याला कंबर वळवता येत नाही, धड एकसंध आहे. मनगट गोल फिरतं, पण वर उचलता येत नाही. बोटं तीन, आणि ती एकाच मोटरवर एकदम उघडतात-मिटतात.

म्हणजे ताठ हाताच्या मुलाला मनगट वर करायला शिकवायचं असेल तर नाओ ते दाखवूच शकत नाही. धड वळवून बाजूची वस्तू उचलणं, बोटांच्या चिमटीत मणी धरणं, तेही नाही. खांदा आणि कोपर मात्र तो छान दाखवतो. स्पेनच्या टीमने हातांच्या वरच्या भागाचे व्यायाम निवडले, ते या शरीराला साजेसेच होते.

उठण्याच्या हालचालीत तर मोठी गोम आहे. जमिनीवर बसलेला नाओ उठताना हात मागे टेकवून स्वतःला वर ढकलतो. आपण मुलांना शिकवतो ते याच्या नेमकं उलट: पाय गुडघ्यांच्या थोडे मागे, धड पुढे झुकवायचं, नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाऊ द्यायचं, मग उठायचं. अनुकरण करणाऱ्या मुलासमोर रोबोचं ते मागे रेलून उठणं दाखवलं तर तेच शिकलं जाईल. म्हणून रोबोला उभ्यातून गुडघे वाकवून खाली जाऊन परत उभं राहायला लावा. बसून उठणं थेरपिस्टने दाखवायचं, रोबोने मोजायचं. प्रत्येक हालचाल मुलासमोर नेण्याआधी स्वतः समोर बसून बघा आणि विचारा: हे मुलाने जसंच्या तसं केलं तर मला चालेल का?

पायरी ४: विकत घेण्यापूर्वी

असा रोबो लाखांच्या घरात जातो, त्यामुळे प्रश्न विचारायला संकोच नको. पहिला प्रश्न: कंपनी बंद पडली तर हा चालेल का? हा कल्पनेतला धोका नाही. 'जिबो' या घरगुती रोबोचे सर्व्हर २०१९मध्ये बंद झाले. पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी बनवलेल्या, सुमारे ८०० डॉलर किमतीच्या 'मॉक्सी'च्या कंपनीने डिसेंबर २०२४मध्ये गाशा गुंडाळत असल्याचं कळवलं, आणि पालकांवर मुलांची समजूत काढायची वेळ आली. नाओची फ्रेंच कंपनी ऑल्डेबरान २०२५मध्ये दिवाळखोरीत गेली, तिची मालमत्ता चीनमधल्या शेनझेनच्या मॅक्सव्हिजनने घेतली. इंटरनेटशिवाय, कंपनीच्या सर्व्हरशिवाय रोबो कोणती कामं करतो ते विक्रेत्याला तिथल्या तिथे, वाय-फाय बंद करून दाखवायला सांगा.

दुसरं, दुरुस्ती कुठे होते आणि तोवर पर्यायी रोबो मिळतो का. तिसरं, बॅटरी. नाओची बॅटरी तास-दीड तास चालते, शिवाय एकाच स्थितीत फार वेळ उभा ठेवला की सांध्यांच्या मोटर तापतात आणि तो काम थांबवतो. सकाळी सहा मुलं ओळीने घ्यायचा बेत असेल तर तो बसणार नाही.

पालकांसाठी: एखादं केंद्र 'रोबोटिक थेरपी'ची जाहिरात करत असेल तर नेमकं काय आहे ते विचारा. चालायला मदत करणारी, पायांना बांधायची यंत्रं ही वेगळी गोष्ट. सोबत बसणाऱ्या थेरपिस्टची राज्याच्या ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी परिषदेकडची नोंदणी, आणि विशेष शिक्षक किंवा स्पीच थेरपिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी बघायला मागा. रोबोसमोर मूल बसवून थेरपिस्ट दुसऱ्या खोलीत जात असेल तर तिथे पैसे भरू नका.

पायरी ५: मराठी आवाज भरा

नाओमध्ये मराठी बोलण्याची किंवा समजण्याची अंगभूत सोय नाही. पण ध्वनिफिती वाजवण्याची सोय आहे आणि तेवढी पुरते. शांत खोलीत फोनवर छोटी छोटी वाक्यं ध्वनिमुद्रित करा, प्रत्येक वाक्याची वेगळी फाईल. हालचालीच्या आधी सूचना, हालचाल झाल्यावर दाद.

वाक्य तीन-चार शब्दांपेक्षा मोठं नको. 'आता आपण सगळे मिळून हळूहळू वर उठायचा प्रयत्न करूया' हे चालणार नाही. 'पाय मागे.' थांबा. 'नाक पुढे.' थांबा. 'ऊठ!' एवढंच. दाद नेमकी असावी. 'व्हेरी गुड'चा पाऊस पाडला की त्याला किंमत राहत नाही. 'नाक मस्त पुढे नेलंस' यातून काय चांगलं झालं ते मुलाला कळतं. 'उठलास' म्हटलं की मुलीसाठी 'उठलीस' वेगळं भरावं लागतं, म्हणून 'छान केलंस', 'जमवलंस' अशी दोघांनाही चालणारी वाक्यं घेतली की फायलींचा पसारा निम्म्यावर येतो.

घरची बोली वापरा. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी बोलणाऱ्या घरातल्या मुलाला पुस्तकी सूचना परकी वाटते, आणि बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला तर ती कळतही नाही. आवाज आईचा किंवा बाबांचा नको. आई शेजारी बसलेली आणि तिचा आवाज रोबोमधून, यात मूल गोंधळतं. दहा-बारा वर्षांच्या स्पष्ट बोलणाऱ्या मुलाचा किंवा मुलीचा आवाज मला सगळ्यात योग्य वाटतो. रोबो हा बरोबरीचा सवंगडी आहे, आणखी एक सर नव्हे.

मुलाने रोबोशी बोलावं आणि रोबोने समजून घ्यावं, ही अपेक्षा सोडून द्या. लहान मुलांचं बोलणं ओळखणं यंत्रांना एरवीही कठीण जातं, बोलण्यात अडखळणाऱ्या मुलांचं तर फारच. मुलाने कष्टाने एक शब्द काढावा आणि रोबोने तो ऐकलाच नाही असं वागावं, हा अपमान मुलाच्या वाट्याला येऊ देऊ नका. उत्तर द्यायचं असेल तर थेरपिस्टने टॅबलेटवरून योग्य फाईल वाजवावी.

पायरी ६: खोली आणि पहिली भेट

रोबो घसरणार नाही अशा मॅटवर, मुलाच्या नजरेच्या पातळीवर. मागे रंगीत तक्ते नकोत, दुसरी मुलं नकोत. चालणारा रोबो टेबलावर ठेवू नका. टेबलावर असेल तर पाय न हलवणारे कार्यक्रमच. पडतोय असं वाटताच नाओ हात झटकन हलवतो. शिवाय कोपर-खांद्याच्या फटीत बोट चिमटू शकतं, म्हणून हालचाल सुरू असताना मूल हाताच्या अंतरावर नको. प्रत्येक मुलानंतर रोबो ओलसर कापडाने पुसा, सांध्यांवर फवारा मारू नका.

पहिल्या भेटीत व्यायाम घेऊ नका. रोबो बंद असताना मुलाला बघू द्या, हात लावू द्या. मग सुरू करा, पण आधी फक्त मान हलू द्या. मग हात, मग आवाज. रोबोचं नाव मुलालाच ठेवू द्या. 'हा खरा आहे का?' असं विचारलं तर खरं सांगा: हे यंत्र आहे, आणि ते मी या टॅबलेटवरून चालवते. मुलांना हे सांगितल्याने मजा कमी होत नाही.

पायरी ७: एक सेशन, जवळून

वरच्याच सात वर्षांच्या मुलीचं सेशन घेऊ. वेळ एकूण ४० मिनिटं, त्यात रोबो साधारण २० मिनिटं. आधीची दहा मिनिटं स्नायू मोकळे करणं आणि बसण्याची तयारी, तीही हालचालीतून. नुसतं ताणत राहण्याचा फारसा उपयोग होत नाही हे आता पुरेसं स्पष्ट झालं आहे. तिचं स्टूल उंच घ्या. उंच बसणीवरून उठणं सोपं असतं. उंची सेंटीमीटरमध्ये वहीत लिहा, कारण पुढच्या आठवड्यात ती थोडी कमी करायची आहे. पाय जमिनीवर सपाट, एएफओ (घोट्याला आधार देणारा साचा) घालून की काढून हे आधीच ठरलेलं.

रोबो समोरच्या टेबलावर बसलेला, पायांची हालचाल बंद. टेबल अशा अंतरावर की बसल्या जागेवरून त्याच्या डोक्यापर्यंत हात पोचत नाही, उभं राहून पुढे केला की पोचतो. नाओच्या डोक्यावर स्पर्श कळणारी पट्टी असते. मांडणी अशी करा की मुलीने त्या पट्टीला हात लावला की रोबो पुढचा आकडा म्हणतो. हात लावेपर्यंत तो थांबून राहतो. कितीही वेळ लागला तरी.

या थांबण्यावर बरंच काही अवलंबून आहे. ठरावीक वेगाने 'एक, दोन, तीन' मोजणारा रोबो ताठ पायांच्या मुलीला दर वेळी हरवतो. ती अजून अर्ध्यात, हा पुढच्या आकड्यावर. पट्टीच्या युक्तीने वेग तिच्या हातात येतो. शिवाय उठणं हे आता नुसता व्यायाम राहत नाही: उभं राहून, तोल सावरून, एक हात पुढे करून काहीतरी करायचं आहे. शाळेतल्या बाकापाशी नेमकं हेच लागतं.

रोबो म्हणतो, 'नाक पुढे.' ती झुकते. थेरपिस्ट शेजारी गुडघ्यांवर बसलेली, एक हात मुलीच्या गुडघ्याच्या बाहेर, कारण ताठपणामुळे गुडघे आत वळतात. ते वळताहेत हे रोबोला कळत नाही. टाचा उचलल्या गेल्या, टेबलाला पोट टेकवलं, डावा पाय नुसता टेकला आणि सगळं वजन उजव्यावर घेतलं, यातलंही काही कळत नाही. ते थेरपिस्टच्या डोळ्यांना आणि हातांना कळतं. रोबोने लक्ष आणि मोजणी सांभाळल्यामुळे ते डोळे आणि हात मोकळे राहतात, हा रोबोचा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो. टाचा उचलल्या तर थेरपिस्टने 'पाय मागे' पुन्हा वाजवावं. चूक दाखवायचं काम शक्यतो रोबोकडे देऊ नये, नुसती सूचना पुन्हा द्यावी.

पाच वेळा, मग विश्रांती. रोबो गाणं म्हणेल, ती बसून ऐकेल. मग पुन्हा पाच. तिसऱ्या फेरीत भूमिका बदला: आता रोबो चुकेल आणि ती त्याला शिकवेल. रोबो 'मला जमत नाही, दाखव ना' म्हणतो. ती दाखवते. लोझानच्या ईपीएफएल या संस्थेने 'कोरायटर' प्रकल्पात मुलांना रोबोचं वाईट अक्षर सुधारायला लावलं, त्यामागे हाच विचार होता. जिला दिवसभर सगळे दुरुस्त करत असतात, तिला कुणाला तरी शिकवायला मिळणं ही साधी गोष्ट नाही. या फेरीत मुलं सहसा सर्वात काळजीपूर्वक हालचाल करतात, कारण आता दाखवायचं असतं.

शेवटची दहा मिनिटं रोबो बंद. त्याच स्टुलावरून तेच उठणं, समोर आई, आईच्या हाताला टाळी. ही दहा मिनिटं कधीही वगळू नका. रोबोसमोर जे आलं ते माणसासमोर, घरच्या खुर्चीवरून येतं का, हे इथेच कळायला लागतं.

स्वमग्न मुलांबरोबर मांडणी वेगळी

इथे बहुतेकदा हालचालीपेक्षा दुसऱ्याकडे बघणं, एकाच वस्तूकडे दोघांनी लक्ष देणं, आळीपाळीने खेळणं शिकवायचं असतं. माणसाचा चेहरा क्षणोक्षणी बदलतो, रोबोचा बदलत नाही. कास्परचा चेहरा मुद्दाम साधा, मोजक्या भावांचा ठेवला आहे तो यासाठीच. त्याला जोरात चिमटलं तर तो दुखल्याचं सांगतो, आणि हळुवार स्पर्श कसा करायचा हे त्यातून शिकवता येतं.

धोका असा की मूल रोबोतच रमतं. म्हणून त्रिकोण आखा: रोबो, मूल आणि मोठं माणूस. रोबोने दर थोड्या वेळाने माणसाकडे बोट दाखवावं, 'आईला विचार', 'ताईला दे'. येल विद्यापीठाच्या टीमने २०१८मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १२ मुलांच्या घरी महिनाभर, रोज अर्धा तास, पालकांसह रोबोबरोबर खेळ ठेवले होते. रोबो समोर नसतानाही मोठ्या माणसाबरोबर लक्ष वाटून घेण्यात मुलांची प्रगती दिसली. त्या रचनेत पालक शेजारी बसलेले होते, हे विसरू नका. युरोपातल्या 'ड्रीम' प्रकल्पाने ६१ स्वमग्न मुलांच्या ३००हून अधिक तासांच्या सेशनची नोंद ठेवली. या क्षेत्रात हा मोठा संग्रह मानतात, आणि त्यावरून पुरावा अजून किती लहान आहे तेही कळतं. तेव्हा 'रोबोने ऑटिझम बरा होतो' असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

नजरेला नजर द्यायची सक्ती करू नका. हात फडफडवणं थांबवण्यासाठी रोबो वापरू नका.

पायरी ८: लिहून ठेवा

प्रत्येक सेशनला चार ओळी पुरतात. किती वेळा उठली, त्यातल्या किती वेळा आधाराशिवाय, स्टुलाची उंची किती, आणि रोबो बंद केल्यावर किती जमलं. दर सहा आठवड्यांनी ध्येयाची पट्टी पुन्हा भरा, शक्यतो ज्याने सेशन घेतलं नाही अशा थेरपिस्टकडून. रोबोबरोबरचा आकडा वाढतोय आणि रोबोशिवायचा तिथेच आहे, असं दिसलं तर मुलाची ओढ रोबोकडे आहे, कौशल्य अजून रुजलेलं नाही. अशा वेळी रोबोची वेळ कमी करा, वाढवू नका.

पायरी ९: नवलाई ओसरणारच

काही आठवड्यांत मुलाला रोबोची सवय होते. ते गृहीत धरून चला. गाणी, खेळ, भूमिका बदला, पण सूचनांचे शब्द बदलू नका. दुसऱ्या एका मुलाला सोबत घ्या. दोघांमध्ये एक रोबो असला की मुलं एकमेकांशी बोलू लागतात.

पहिल्याच दिवसापासून रोबो काढून घेण्याचाही आराखडा हवा. आधी दर सेशनला, मग एकाआड एक, मग महिन्यातून एकदा 'भेटायला'. निरोप आधी सांगून द्या. तारीख कॅलेंडरवर दाखवा, रोबोचा एक फोटो घरी द्या. अचानक गायब झालेला सवंगडी काही मुलांना फार लागतो.

कॅमेरा आणि संमती

रोबोच्या डोक्यात दोन कॅमेरे आणि चार मायक्रोफोन आहेत. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा, २०२३ नुसार १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद आहे. चित्रण कुठे साठतं, किती दिवस, कोण बघतं, हे मराठीत एका पानावर लिहून द्या. जाहिरातीसाठीची संमती थेरपीच्या संमतीत मिसळू नका. संशोधन करणार असाल तर दिव्यांग व्यक्तींचे हक्क कायदा, २०१६ स्वेच्छेने, समजून दिलेली संमती आणि नेमलेल्या समितीची पूर्वपरवानगी दोन्ही मागतो. आणि मुलाचा स्वतःचा नकार, मान वळवणं असो की रडणं, त्या दिवसापुरता तरी शेवटचा माना.

रोबो परवडत नसेल तर

बहुतेक केंद्रांना आणि जवळजवळ सगळ्या घरांना तो परवडणार नाही. पण वरच्या सेशनमध्ये ज्या गोष्टींनी काम केलं त्यातल्या बऱ्याच रोबोशिवाय होतात. टेबलावर हॉटेलातली दाबायची घंटी ठेवा, उभं राहूनच हात पोचेल अशी. प्रत्येक घंटीला दादा किंवा ताई पुढचा आकडा मोठ्याने म्हणेल आणि घंटी वाजेपर्यंत थांबेल. कठपुतळीला उठायला शिकवायचं काम मुलीकडे द्या. सूचना फोनवर ध्वनिमुद्रित करा, त्याच तीन-चार शब्दांच्या.

थेरपीसाठी जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली शून्य ते अठरा वयाच्या मुलांची तपासणी होते आणि तिथून पुढे पाठवतात. मुंबईत हाजी अलीला १९५५पासून चालणारी भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आहे, आणि वांद्र्याला वाचा-श्रवणासाठी अली यावर जंग संस्था. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुदिव्यांगत्व असेल तर राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचं विमाकवच मिळतं, थेरपीचा खर्चही त्यात येतो. त्यासाठी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. काढलं नसेल तर युडीआयडीच्या (दिव्यांगांच्या राष्ट्रीय ओळखपत्राच्या) संकेतस्थळावर अर्ज करून ते आधी मिळवा. आणि पुढच्या वेळी थेरपिस्टकडे जाताना घरच्या खुर्चीची उंची मोजून, त्या खुर्चीवरून मूल उठतानाचा बाजूने काढलेला व्हिडिओ फोनमध्ये घेऊन जा.